निकाह, निकाहाची नोंदणी आणि विशेष विवाह : मराठवाड्यातील नवदांपत्यांसाठी पायरीपायरीने माहिती

‘आमचं लग्न रजिस्टर झालेलं आहे’ असे सांगणाऱ्या मुस्लिम जोडप्याकडे कागद मागितला, तर चारपैकी कोणताही एक कागद पुढे येऊ शकतो. तो काझींच्या वहीतील निकाहनामा असेल, ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल, जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याने दिलेले विशेष विवाह कायद्याखालचे प्रमाणपत्र असेल, किंवा नोटरीचा शिक्का मारलेला बाँड असेल. पहिल्या तीन कागदांना कायद्यात निरनिराळे स्थान आहे. चौथ्याला विवाहाचा पुरावा म्हणून जवळजवळ काहीच स्थान नाही, कारण नोटरीसमोर शपथपत्र केल्याने लग्न लागत नाही. पुढे तलाक, पोटगी, वारसा किंवा परदेशी व्हिसा असा कोणताही प्रश्न उभा राहिला की आपल्या हातात यांपैकी नेमका कोणता कागद आहे, यावर उत्तर ठरते. म्हणून मंगनी झाल्यावर हॉल आणि आचारी ठरवण्याआधी घरातील दोन जाणत्या माणसांनी आणि स्वतः वधूवरांनी बसून पुढील माहिती एकदा वाचावी.

पहिली पायरी : कोणता कायदा कुठे लागू होतो ते समजून घ्या

निकाह हा मुस्लिम व्यक्तिगत कायद्याप्रमाणे होणारा करार आहे. १९३७ च्या शरियत कायद्याने विवाह, तलाक, मेहेर (पतीने पत्नीला द्यायची रक्कम किंवा वस्तू), पोटगी आणि वारसा या बाबतींत मुस्लिमांना हा व्यक्तिगत कायदा लागू केला. त्यातून शेतजमिनीचा विषय मात्र वगळलेला आहे, ही गोष्ट सातबारा घेऊन भांडणाऱ्यांना पुष्कळदा उशिरा कळते. निकाह धार्मिक असला तरी तो कायदेशीरही आहे. ‘कोर्टात केले तरच कायदेशीर’ हा समज चुकीचा आहे आणि निकाह झाल्यावर सरकारी नोंदीची गरज उरत नाही हा समजही तितकाच चुकीचा आहे.

दुसरा रस्ता विशेष विवाह अधिनियम, १९५४ चा. लोक त्याला कोर्ट मॅरेज म्हणतात, परंतु त्यासाठी कोर्टात जावे लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या कार्यालयात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या रजिस्ट्री ऑफिसात, जे विवाह अधिकारी नेमलेले असतात त्यांच्यासमोर हा विवाह होतो. या कायद्याला धर्माची अट नाही. दोघेही मुस्लिम असले तरी त्यांना त्याखाली विवाह करता येतो आणि त्यासाठी कोणालाही धर्म सोडावा किंवा बदलावा लागत नाही.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे आणि बहुतेक गोंधळ तिच्याभोवतीच होतो. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियमाखाली कोणत्याही धर्माच्या रीतीने झालेल्या लग्नाची नोंद करावी लागते. ही नोंद केल्याने निकाहाचा निकाहच राहतो, तो विशेष विवाह होत नाही. ग्रामसेवकाने दिलेल्या प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच की अमुक तारखेला या दोघांचे लग्न झाल्याची नोंद सरकारदरबारी आहे. तलाक कसा होईल, दुसरे लग्न चालेल की नाही, संपत्तीत कोणाला किती हिस्सा मिळेल, यांतले काहीही त्या प्रमाणपत्राने बदलत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ठाणे महापालिकेच्या एका प्रकरणात, या अधिनियमाखाली मुस्लिम पुरुषाच्या एकाहून अधिक विवाहांची नोंद करण्यास मनाई नाही, असे म्हटले. त्यामुळे ‘पालिकेत नोंद केली आहे, आता तो दुसरा निकाह करू शकणार नाही’ असे मुलीच्या घरच्यांना कोणी सांगत असेल, तर ते ऐकून निर्धास्त होऊ नये.

मोबाइलवर फिरणाऱ्या बातम्यांमुळे आणखी एक शंका हल्ली सर्रास विचारली जाते. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली आहे. महाराष्ट्रात तसा कायदा नाही आणि येथे वर सांगितलेलीच व्यवस्था चालू आहे.

दुसरी पायरी : वय

विशेष विवाहासाठी मुलाचे वय २१ आणि मुलीचे १८ पूर्ण असावे लागते. निकाहाच्या बाबतीत ‘शरियतमध्ये मुलगी वयात आली की पुरे’ असे सांगितले जाते, आणि या मुद्द्यावर निरनिराळ्या उच्च न्यायालयांचे निकालही एकसारखे नाहीत. तरीही या वादाच्या भरवशावर कोणी अल्पवयीन मुलीचा निकाह लावू नये. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ प्रमाणे लग्न लावून देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, गावपातळीवर ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि पतीवर पोक्सोचा, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचा, गुन्हा दाखल होण्याचा धोका वेगळा असतो. बीड, जालना, परभणीकडील काझी आता टीसी किंवा जन्मदाखला पाहिल्याशिवाय वही उघडत नसतील, तर त्यांना अडवणूक करणारे समजू नये. आपल्या गावात असा निकाह ठरल्याचे कळले, तर १०९८ या क्रमांकावर कळवता येते.

तिसरी पायरी : निकाह आणि निकाहनामा

मराठवाड्यातील बहुसंख्य मुस्लिम सुन्नी हनफी, म्हणजे सुन्नींमधील हनफी विचारशाखा मानणारे, आहेत. हनफी मताप्रमाणे एकाच बैठकीत एका बाजूने प्रस्ताव आणि दुसऱ्या बाजूने स्वीकार, म्हणजे इजाब आणि कुबूल, दोन प्रौढ मुस्लिम पुरुष साक्षीदार किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया, आणि मेहेर एवढ्यावर निकाह होतो. निकाहनामा लिहिला नाही म्हणून निकाह बाद ठरत नाही. मात्र पुढे तो सिद्ध करायची वेळ आली की साक्षीदार शोधत हिंडावे लागते, आणि दहा वर्षांनी त्यांतला एक आखातात व दुसरा कबरस्तानात असतो.

निकाहाचा मुख्य क्षण मंडपात घडतो असे पाहुण्यांना वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची घटना आतल्या खोलीत घडलेली असते. मुलीच्या बाजूचा वकील, म्हणजे तिच्या वतीने बोलणारा बहुधा मामा किंवा चुलता, दोन गवाहांसह तिच्याकडे जातो, मुलाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि मेहेरची रक्कम सांगतो आणि तिची परवानगी विचारतो. भोवती बायकांची गर्दी, लहान पोरांची पळापळ, कोणीतरी मेंदीचा हात धरून सही कुठे करायची ते दाखवत असते, आणि या गडबडीत मेहेरचा आकडा मुलीने पहिल्यांदाच ऐकलेला असतो. तो आकडा तिला आधी माहीत असला पाहिजे. हनफी मताप्रमाणे प्रौढ मुलीच्या संमतीवाचून निकाह होत नाही, आणि संमती कशाला द्यायची हे तिला आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नसेल, तर चूक तिची नाही.

निकाहनाम्यात काय पाहावे? काझींकडील छापील वहीत सहसा उर्दूत रकाने असतात आणि त्याच्या प्रती दोन्ही पक्षांना मिळतात. निजामाच्या काळापासून काझीपण वंशपरंपरेने चालत आलेली घराणी मराठवाड्याच्या अनेक गावांत आहेत आणि जुन्या वह्या त्यांनी जपून ठेवलेल्या असतात, त्यामुळे प्रत हरवली तरी नक्कल मिळण्याची शक्यता असते. तरीही सही करण्यापूर्वी नावे आधार कार्डाशी आणि शाळेच्या दाखल्याशी जुळवून घ्यावीत. आपल्याकडे दाखल्यावर ‘शेख रुखसाना शेख रहीम’, आधारवर ‘रुखसाना बेगम’ आणि निकाहनाम्यावर नुसते ‘रुखसाना बी’ असे सर्रास असते. ही एकच बाई आहे हे सिद्ध करण्यासाठी नंतर राजपत्रापासून शपथपत्रापर्यंत सगळे करावे लागते. तारीख हिजरीबरोबर इंग्रजी महिन्याचीही लिहून घ्यावी. वराचा हा पहिला निकाह आहे की कसे, याचा रकाना असल्यास तो कोरा सोडू नये.

मेहेरबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण निकाहातील स्त्रीचा सर्वांत पक्का हक्क तोच आहे. मेहेर ही पतीने पत्नीला द्यायची रक्कम किंवा वस्तू आहे. ती तिच्या बापाची नव्हे, तिची स्वतःची असते. मेहेर मुअज्जल म्हणजे मागताच देय, आणि मेहेर मुवज्जल म्हणजे पुढे ढकललेले, जे तलाक झाल्यावर किंवा पती वारल्यावर द्यावे लागते. निकाहनाम्यात कोणता भाग कोणता हे लिहिलेले नसेल तर वादाला जागा राहते. रक्कम अजिबात लिहिलेली नसली तरी मेहेर बुडत नाही. तिच्या माहेरच्या इतर स्त्रियांना मिळालेल्या मेहेरवरून, म्हणजे मेहेर-ए-मिस्लप्रमाणे, ते ठरवता येते. पती वारला तर न दिलेले मेहेर हे त्याच्या मालमत्तेवरचे कर्ज असते, वारसांमध्ये वाटणी होण्याआधी ते फेडायचे असते, आणि ती मालमत्ता विधवेच्या रीतसर ताब्यात असेल तर मेहेर मिळेपर्यंत ताबा न सोडण्याचा हक्क तिला आहे. असे असताना लाखोंचा वलीमा, म्हणजे लग्नाची मेजवानी, घालणारी घरे मेहेरच्या रकान्यात शुभ म्हणून ७८६ सारखा आकडा लिहून मोकळी होतात, आणि पतीच्या मयतीपाशी रडणाऱ्या बायकोभोवती ‘मेहेर माफ कर’ म्हणत चार जणी उभ्या राहतात. दबावाखाली किंवा शोकाच्या भरात केलेली माफी न्यायालय सहज मान्य करत नाही, हे त्या चौघींनाही माहीत असावे. रक्कम सोन्याच्या तोळ्यांत लिहिली तर महागाईने ती निरर्थक होत नाही; माझे मत विचाराल तर हाच पर्याय निवडावा.

हुंडाबंदी कायद्यातून मेहेर स्पष्टपणे वगळलेले आहे, कारण ते नवऱ्याकडून बायकोकडे जाते. जोड्याची रक्कम, गाडी, फर्निचर या नावांनी उलट्या दिशेने जे मागितले जाते तो मात्र हुंडाच आहे, त्याला जहेज म्हटले तरी.

निकाहनाम्यात अटीही लिहिता येतात. पत्नीला शिक्षण किंवा नोकरी चालू ठेवता येईल, पतीने दुसरा निकाह केल्यास तिला तलाक घेण्याचा अधिकार राहील, म्हणजे तलाक-ए-तफवीझ, अशा वाजवी अटी करार म्हणून मान्य होतात. हा अधिकार विशेष विवाहाला न जाणाऱ्या मुलीसाठी मोठा आधार आहे आणि तो फुकट मिळतो, फक्त बैठकीत आधी बोलावे लागते.

चौथी पायरी : ९० दिवसांत नोंदणी

निकाहानंतर ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे, किंवा शहरात नगर परिषद अथवा महापालिकेच्या विवाह निबंधकाकडे, विहित नमुन्यातील अर्ज द्यावा. उशीर झाला तर नोंद होत नाही असे नाही, विलंब शुल्क पडते. पतीपत्नी दोघांनी आणि तीन साक्षीदारांनी हजर राहावे लागते आणि अर्जावर निकाह लावणाऱ्या काझींची माहिती व सही लागते. म्हणून काझी गावाला असतानाच अर्ज भरून घ्यावा. वयाचा व रहिवासाचा पुरावा, फोटो, लग्नपत्रिका आणि निकाहनाम्याची प्रत एवढे बरोबर न्यावे. निकाहनामा उर्दूत असल्यास मराठी भाषांतर जोडलेले बरे. विवाह नोंदणी सक्तीची करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सर्व राज्यांना सांगितले आहे.

पाचवी पायरी : विशेष विवाह करायचा असल्यास

दोघांपैकी एकाने तरी ज्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य केले आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. मुलगा पुण्यात नोकरीला आणि मुलगी हिंगोलीत असेल तर कोणताही एक जिल्हा चालतो, परंतु कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असल्यास नोटिशीची प्रत तिकडच्या कार्यालयातही जाते. नोटीस नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन देण्याची सोय आहे. ती कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते आणि ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते.

या ३० दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो, पण हरकतीचे कारण कायद्यातल्या अटींशी संबंधित असावे लागते : कोणाचा आधीचा जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, मानसिक अवस्थेमुळे वैध संमती देता येत नाही, किंवा दोघे निषिद्ध नात्यातले आहेत. ‘आम्हाला पसंत नाही’, ‘जात वेगळी’, ‘धर्म वेगळा’ ही कारणे हरकत ठरत नाहीत. हरकत आल्यास अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो आणि नकार मिळाल्यास जिल्हा न्यायालयात अपील करता येते. नोटिशीमुळे घरच्यांकडून जिवाला धोका वाटत असेल तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा. अशा जोडप्यांना संरक्षण देण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना निर्देश दिलेले आहेत.

मुदत संपल्यावर तीन साक्षीदारांसह जाऊन घोषणापत्रावर सह्या करायच्या आणि एकमेकांना पती व पत्नी म्हणून स्वीकारल्याचे शब्द अधिकाऱ्यासमोर उच्चारायचे. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत हे झाले नाही तर ती नोटीस बाद होते आणि सगळे पुन्हा सुरू करावे लागते, त्यामुळे रमजान, परीक्षा किंवा ऊसतोडीचा हंगाम मध्ये येतो का ते आधी पाहून नोटिशीची तारीख ठरवावी.

सहावी पायरी : फरक नेमका कुठे पडतो

दुसरा विवाह. विशेष विवाह झालेल्या व्यक्तीने जोडीदार हयात असताना आणि विवाह टिकून असताना दुसरे लग्न केले तर तो गुन्हा आहे, मग दुसरे लग्न निकाहाने केलेले असले तरी. निकाहात मुस्लिम पुरुषाला व्यक्तिगत कायद्याने चारपर्यंत विवाहांची मुभा आहे.

विभक्त होणे. निकाह तलाकने, पत्नीच्या पुढाकाराने खुलाने, दोघांच्या संमतीने मुबारातने, किंवा १९३९ च्या कायद्याखाली पत्नीने न्यायालयात जाऊन संपू शकतो. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे खर्च न देणे, क्रूरपणे वागवणे ही त्या कायद्यातील कारणे आहेत. एका दमात तीनदा तलाक म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवले आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला. परंतु टप्प्याटप्प्याने दिला जाणारा तलाक अजूनही आहे, आणि त्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने २००२ मध्ये दिलेला निकाल मराठवाड्यातील प्रत्येक कुटुंबाला माहीत असायला हवा. नुसता ‘मी तलाक दिला’ असा न्यायालयात दावा करणे किंवा तलाकनामा दाखवणे पुरेसे नाही, तलाकमागचे कारण आणि त्याआधी दोन्ही घरांच्या मध्यस्थांमार्फत झालेला समेटाचा प्रयत्न पतीने पुराव्याने सिद्ध करावा लागतो, असे त्यात सांगितले आहे. पोस्टाने आलेला तलाकनामा घेऊन सामान बांधणाऱ्या मुलीने म्हणून आधी वकिलाकडे जावे. दारुल कझाकडे, म्हणजे शरियतप्रमाणे वाद मिटवणाऱ्या धार्मिक मंडळाकडे, वाद नेण्यास हरकत नाही, तेथे पुष्कळ भांडणे मिटतातही, पण त्यांचा निर्णय कायद्याने कोणावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे.

विशेष विवाह मात्र तोंडी किंवा लेखी तलाकने संपत नाही. कायद्यात दिलेल्या कारणांवरून किंवा परस्पर संमतीने न्यायालयातूनच घटस्फोट घ्यावा लागतो आणि सहसा लग्नानंतर पहिल्या वर्षात अर्जच करता येत नाही. ज्यांना चटकन मोकळे व्हायचे आहे त्यांना हे जाचक वाटते. ज्यांना चटकन मोकळे केले जाण्याची भीती आहे त्यांना तेच संरक्षण वाटते.

पोटगीत फरक वाटतो तितका उरलेला नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रियेतील सर्वसाधारण तरतुदीखाली, म्हणजे पूर्वीचे कलम १२५ आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १४४ खाली, पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा सांगितले. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा दोन्ही प्रकारच्या विवाहांना सारखाच लागू आहे.

वारसा. येथे खरा मोठा फरक आहे आणि लग्नाच्या वयात त्याचा विचार कोणी करत नाही. समजा, पती वारला, मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि २४ लाखांचे घर आहे, आईवडील हयात नाहीत, कर्ज व मेहेर फिटलेले आहे. निकाह असेल तर हनफी वारसानियमाप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे ३ लाख, आणि उरलेल्या २१ लाखांत मुलाला १४ व मुलीला ७ लाख मिळतात. विशेष विवाह असेल तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो आणि पत्नीला तिसरा हिस्सा, म्हणजे ८ लाख, तर मुलगा व मुलीला प्रत्येकी ८ लाख. एकुलती मुलगी किंवा फक्त मुली असतील तर अंतर आणखी वाढते, कारण निकाहात उरलेल्या हिश्श्यावर मृताचे भाऊ किंवा पुतणे हक्क सांगू शकतात. याच कारणासाठी केरळातील एका मुस्लिम वकिलाने, तीन मुलींच्या बापाने, लग्नाला पुष्कळ वर्षे झाल्यानंतर ८ मार्च २०२३ रोजी आपल्याच पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा विवाह केला होता. मृत्युपत्राचेही तसेच : व्यक्तिगत कायद्यात एक तृतीयांशापुढे मृत्युपत्र चालत नाही आणि वारसालाच द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते; उत्तराधिकार अधिनियमाखाली सगळ्या मालमत्तेचे मृत्युपत्र करता येते. ज्यांना निकाहच ठेवायचा आहे पण मुलींनाही नीट द्यायचे आहे, त्यांच्यासाठी जिवंतपणी हिबा, म्हणजे बक्षीस, करण्याचा मार्ग आहे, मात्र त्यात ताबाही खरोखर द्यावा लागतो. कागद मुलीच्या नावाने आणि किल्ली बापाच्या खिशात असे चालत नाही.

मेहेर. विशेष विवाह कायद्यात मेहेरची तरतूद नाही. तो आधार हवा असेल तर निकाहही करून त्यात मेहेर लिहून घ्यावे.

नाते. निकाहात चुलत, मामे, आत्ये आणि मावस भावंडांचे लग्न पूर्ण वैध आहे आणि आपल्याकडे ते रूढही आहे. विशेष विवाह कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मात्र ही चारही नाती निषिद्ध आहेत. रूढीचा अपवाद कायद्यात लिहिलेला आहे, पण त्यासाठी राज्य सरकारने ती रूढी राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते. घरात वर्षानुवर्षे चालत आले आहे एवढे सांगून भागत नाही. मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या मराठी हिंदू घरांचीही या कायद्याखाली हीच अडचण होते. म्हणून जोडपे नात्यातले असेल तर नोटिशीचा खर्च आणि महिनाभराची वाट पाहणे टाळावे, निकाह करावा, निकाहनामा नीट लिहून घ्यावा आणि पालिकेत नोंद करावी.

सातवी पायरी : निकाह झालेला आहे, आता विशेष विवाहाखाली यायचे आहे

याची सोय कलम १५ मध्ये आहे. निकाह होऊन पतीपत्नी म्हणून एकत्र राहत असलेल्या जोडप्याने विवाह अधिकाऱ्याकडे दोघांच्या सहीने अर्ज द्यायचा असतो. येथे वयाची अट वेगळी आहे : नोंदणीच्या वेळी दोघांचेही वय २१ पूर्ण असावे लागते, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी निकाह झालेल्या मुलीला दोन वर्षे थांबावे लागेल. दोघांपैकी कोणाचाही दुसरा जोडीदार हयात नसावा, निषिद्ध नाते नसावे आणि अर्जापूर्वी ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य असावे. पुन्हा ३० दिवसांची जाहीर नोटीस, आणि मग प्रमाणपत्र. त्यानंतर तो विवाह विशेष विवाह कायद्याखाली झाला असेच समजले जाते आणि सहाव्या पायरीतील सगळे परिणाम लागू होतात. ग्रामपंचायतीतील नोंद आणि ही नोंद यांत गल्लत होऊ नये म्हणून अर्ज भरताना ‘कलम १५ खाली’ हे शब्द असलेला नमुनाच मागावा.

आठवी पायरी : एकजण मुस्लिम नसेल तर

मुस्लिम पुरुष आणि ख्रिस्ती किंवा ज्यू स्त्री यांचा निकाह हनफी मताप्रमाणे वैध आहे. हिंदू स्त्रीशी धर्मांतराविना केलेला निकाह अनियमित मानला जातो. त्यातील मुले औरस ठरतात आणि बापाचे वारस होतात, पण पत्नीला पतीच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. मुस्लिम स्त्री आणि बिगरमुस्लिम पुरुष यांच्यासाठी निकाहाचा मार्गच नाही. अशा जोडप्यांनी केवळ लग्नापुरते धर्मांतर करण्यापेक्षा विशेष विवाहाचा मार्ग घ्यावा. आधीची बायको असलेल्या हिंदू पुरुषाने धर्म बदलून निकाह केला तरी तो द्विभार्येच्या गुन्ह्यातून सुटत नाही, हेही १९९५ पासून ठरलेले आहे.

शेवटची पायरी : प्रमाणपत्र हातात घेताना

खिडकीवरून हलण्याआधी दोघांची व वडिलांची नावे, जन्मतारखा, विवाहाची तारीख आणि प्रमाणपत्र कोणत्या अधिनियमाखाली दिले आहे ती ओळ वाचावी. चूक त्याच दिवशी दाखवली तर लवकर दुरुस्त होते, सहा महिन्यांनी तीच चूक अर्ज, शपथपत्र आणि हेलपाटे मागते. मूळ प्रत आणि निकाहनामा यांची एक जोडी मुलीच्या माहेरीही ठेवावी, कारण भांडण झाल्यावर सासरच्या कपाटातून कागद काढून आणणे अवघड होते. आखातात पतीकडे जायचे असेल तर प्रमाणपत्राचे भाषांतर व साक्षांकन लागते, त्याला वेळ धरून ठेवावा. कोणत्याही पायरीवर अडले तर प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.